आधी कोण निघालं

वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीत दर उन्हाळ्यात, छापायला दुसरं काही उरलं नाही की, ‘जगातली दहा भुताची गावं’ असा एक लेख यायचाच. शहाजी सर तो कात्रीनं कापायचे, शंभर पानी वहीत डकवायचे आणि लाल पेन घेऊन तपासायला बसायचे. छत्तीस वर्षं सोलापुरात भूगोल शिकवलेल्या माणसाला निवृत्ती फक्त पगारापुरती मिळते. लेख लिहिणाऱ्याला ते मनातल्या मनात बाकावर उभं करायचे आणि समासात गुण द्यायचे.

राजस्थानातल्या कुलधरा गावाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, की दिवाणाची वाईट नजर गावच्या पोरीवर पडली आणि सगळं गाव एका रात्रीत उठून गेलं. सरांचा शेरा: ‘एका रात्रीत? बैलांना विचारलं का? विहिरींचं पाणी किती खोल गेलं होतं ते लिहा. दहापैकी दोन.’ आफ्रिकेतल्या कोल्मन्सकोपच्या घरांत कमरेएवढी वाळू भरलेली दिसते. त्यावर शेरा होता, ‘वाळू सगळ्यात शेवटी आली. आधी हिरे संपले. वाळूवर खापर फोडू नये.’ जपानमधलं हाशिमा बेट कोळशाची खाण बंद झाल्यावर ‘ओसाड पडलं’, हे वाक्य त्यांनी दोनदा खोडलं होतं. ‘पडलं नाही. पाडलं. कर्ता लिहा.’ प्रिप्यातच्या लोकांना अणुभट्टी फुटल्यावर तीन दिवसांसाठी निघा असं सांगून बसमध्ये बसवलं होतं. त्या एका ओळीखाली मात्र त्यांनी सरळ रेघ मारली होती. ‘बरोबर. असंच म्हणतात.’

वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी पट्टीनं तक्ता आखला होता. गाव. कारण. आणि तिसरा रकाना, ‘आधी कोण निघालं?’ पहिले दोन रकाने भरलेले, तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह. कारण तेवढं कुणी लिहून ठेवत नाही. सरांना मात्र तेच हवं असायचं. जेवताना ते म्हणायचे, “गाव पाण्यानं मरत नाही, वाळूनं नाही, आगीनं नाही. पहिली गाडी निघते तेव्हा मरतं. बाकीचे नुसते तेराव्याला जमल्यासारखे मागून येतात.”

त्यांची मुलगी सुकन्या हे ऐकत मोठी झाली. एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. वडिलांनी तुला काय दिलं असं कुणी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं: नाक मुरडण्याची शिस्त.

सरांचं स्वतःचं गावही त्या तक्त्यात होतं. पिंपळडोह, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. आमचं घर शेवटचं सुटलं. पाणी पायरीला लागलं तरी आई जात्यावर बसली होती. कोंबडी कणगीवर चढली होती, ती कणगीसकट तरंगत गेली. माझे वडील तात्याबा गुडघाभर पाण्यात उभे राहून दाराला कडी लावत होते. लहानपणी सुकन्या विचारायची, “बुडणाऱ्या घराला कडी कशाला?” सर म्हणायचे, “पाहुणा आला तर?” इथे पाहुण्यांचा चहा गार व्हायचा.

सर फेब्रुवारीत गेले. जाण्याआधी आठवडाभर, ऑक्सिजनची नळी बाजूला करून, त्यांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. “थोडी रक्षा बाजूला ठेव. धरण उतरलं की पिंपळडोहात जा. मारुतीसमोरून तिसरं घर. आपल्या उंबऱ्याशी ठेव. आधी उंबरा बघ. दुसरीकडे कुठे नको.”

“हो,” सुकन्या म्हणाली.

“उंबरा बघ.”

“बघते, बाबा.”

मग भेटायला येणारे आले. सुटले बिचारे, असं म्हणाले. सोनं झालं, असंही म्हणाले; जणू त्याआधी ते पितळ होते. आई सहा वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे सल्ल्यांचा सगळा भार एकट्या सुकन्येवर पडला. वह्या रद्दीत घाल. त्यांची खोली भाड्यानं दे. मागच्या अंगणातला तो धुण्याचा दगड आता तरी काढ आणि फरशी घाल. हा शेवटचा सल्ला तिला पटला होता. वॉशिंग मशीन येऊन पंधरा वर्षं झाली, तरी तो काळा, मध्ये खोलगट झालेला, दोन हात लांबीचा दगड सरांनी हलवू दिला नव्हता. दोनदा गवंड्याला दारातून परत पाठवलं होतं. आई म्हणायची, “काय अडलंय तुमचं त्याच्यावाचून?” की सर पेपर डोळ्यांसमोर वर धरायचे. दगडाच्या एका टोकाला वाटीएवढा गोल खळगा होता. साबणाची वडी त्यात नेमकी बसायची. सुकन्येला त्या दगडाबद्दल एवढीच माहिती होती आणि तेवढी पुरेशी वाटत होती.

मे संपता संपता धरणाचा पाणीसाठा मायनसमध्ये खूप खाली गेला आणि अजिनाथनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. भेगाळलेल्या चिखलातून मारुतीच्या देवळाचं शिखर आणि त्यामागे गुडघाभर उंचीच्या भिंती. खाली लिहिलं होतं, ‘ताई, गाव आलंय वर. लवकर या. पुण्याकडं पाऊस लागला की संपलं.’

अजिनाथ तिचा भावकीतला चुलतभाऊ. राहायला नव्या पिंपळडोहात, केळीची बाग, एक ट्रॅक्टर. स्टीलचा लहान डबा पिशवीत घालून ती एसटीनं निघाली. टेंभुर्णीला तो मोटरसायकल घेऊन आला होता. धरणाच्या काठाशी पोचल्यावर तिला पहिल्यांदा दिसला तो फ्लेक्स. काळ्या पाटीवर लाल अक्षरं गळत होती: ‘भुताचं गाव पिंपळडोह. एका रात्रीत गायब! ट्रॅक्टर सफारी. चहा मोफत.’

“एका रात्रीत कोण गायब झालं?” सुकन्येनं विचारलं.

“आता तुमी सुरू नका करू, ताई. गेल्या खेपेला शहाजीकाकांनी फोनवर अर्धा तास झापलंय मला.”

“पाण्यात गेलं असं लिहायला काय झालं?”

“पाणी बघायला कोण येतंय? पाणी तर समद्यांच्या म्होरं पसरलंय. शाप म्हनलं की चारचाकी थांबती.”

“कुणाचा शाप?”

“ते गिऱ्हाईक बघून ठरवतो. पुण्याचं आसलं की नवरीचा. बार्शीचं आसलं की सावकाराचा. शाळेची सहल आसली की नुसतं काळं मांजर.”

तिला हसू येणार होतं. पण हसण्यासारखी गोष्ट घरी सांगायला आता कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते गिळलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ती जुन्या गावात गेली. वेशीपाशी एक तरुण कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगत होता, “लोक इथून का निघून गेले, हे आजही एक गूढ आहे.” त्याच्या पाठीमागे शंभर पावलांवर उजनीचं पाणी होतं. त्यात वीस-पंचवीस मोटारींचे पाइप सोडलेले होते आणि काठावरची केळी त्या पाण्यावर डुलत होती. बोलून झाल्यावर त्यानं पिशवीतून एक केळं काढून सोललं. गूढ. सरांनी याला दोन गुणही दिले नसते. पालकांना भेटायला बोलावलं असतं.

गाव लहान होतं. सुकन्येनं लहानपणापासून ऐकलेलं गाव बरंच मोठं होतं. भिंतींची माती पाण्यानं खाल्ली होती, दगडी जोती तेवढी राहिली होती. एक गोष्ट तिच्या लगेच लक्षात आली. दारं नव्हती, चौकटी नव्हत्या, कौलं नव्हती. पण प्रत्येक घराचा उंबरा जागच्या जागी होता. शिंपले चिकटलेले, शेवाळ वाळून पांढरे पडलेले, पण जागच्या जागी. भिंती नसलेल्या घरांपुढे ओळीनं बसलेले उंबरे.

“लोकांनी तुळया नेल्या, दारं नेली,” अजिनाथ म्हणाला. “उंबरं तेवढं ठेवलं. का ते आमाला कुणी सांगितलं न्हाय.”

“तुम्ही विचारलं नसेल.”

“विचारून काय करायचंय? ट्रॅक्टरला नीट वळायला येतंय, बास.”

मारुतीसमोरून तिनं घरं मोजली. एक. दोन. तिसऱ्या घराचं जोतं होतं, दोन पायऱ्या होत्या. पायऱ्यांच्या वर, जिथे उंबरा असायला हवा तिथे, वाळलेल्या गाळानं भरलेला एक चर होता आणि चराच्या दोन टोकांना दोन रिकाम्या खाचा. तिनं पुन्हा देवळापाशी जाऊन पहिल्यापासून मोजलं. तेच घर.

“वाहून गेला आसंल,” अजिनाथ म्हणाला.

“बाकीचे साठ राहिले आणि हा एक वाहून गेला?”

“मग हितंच कुटंतरी ठेवा की डबा. देवाला काय कळतंय?”

“मी देवासाठी ठेवत नाही.”

अजिनाथनं मोबाइल काढला. “ताई, मग असं करू. शेजारचा उंबरा उचलून हितं लावू, ट्रॅक्टर हाय की. तुमी डबा घेऊन हुबं ऱ्हावा. थोडं रडू आलं तर लई भारी हुईल.”

“रडायचं मी घरी ठेवून आलेय.”

“शेजारच्या उंबऱ्याला हात तर लाव,” मागून आवाज आला. “ट्रॅक्टरसकट चिखलात घालते तुला.”

समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. बाजूला पितळी ताटली, त्यात हळद-कुंकू आणि तेलाची वाटी. तिच्या खालचा उंबरा मात्र घासून काळाभोर केलेला, तेलानं चमकत होता. अजिनाथ मोबाइल खिशात घालत पुटपुटला, “बनाबाई हाय. धरण उतरलं की रोज येती. गिऱ्हाईकं घाबरवती.”

“कुणाची गं तू?” बनाबाईनं विचारलं.

“शहाजी सरांची मुलगी. तात्याबांची नात.”

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग उंबरा हितं कशाला हुडकतीस? आपल्या घरी हुडक की.”

“म्हणजे?”

“म्हंजी काय? तुजा आजा घिऊन गेला की.”

सुकन्या पायऱ्यांवर बसली. बनाबाईनं बोटानं देवळाकडे दाखवलं.

“तितं, मारुतीम्होरं, समद्या गावानं नारळावर हात ठिवला हुता. सरकार धड भाव आन धड जमीन देत न्हाय तवर कुनी हलायचं न्हाय. आन कुनाला हलायचीच येळ आली, तर दारं न्या, तुळया न्या, पन उंबरा न्यायचा न्हाय. उंबरा हाय तवर घर मोकळं न्हाय. ताबा दिला न्हाय. असं ठरलं हुतं.”

“मग?”

“मग काय? म्हैना झाला न्हाय. सकाळच्या पारी तुज्या आज्यानं पहार घातली. समदी आळी दारात हुबी ऱ्हाऊन बघत हुती. कुनी बोललं न्हाय. उंबरा गाडीत घातला आन गेला. तुजा बाप गाडीच्या मागनं चालत हुता, कागदाचं भेंडोळं छातीला धरून. वर बगत नव्हता.”

“पण का?”

“शहाजीला मास्तर करायचं हुतं. धरणग्रस्ताचा दाखला पायजे हुता. हापिसातला सायब म्हनला, घर मोकळं करा, उंबऱ्यासकट, मग दाखला. गावानं कशावर हात ठिवलाय ते त्याला बी ठावं हुतं की. येडा नव्हता त्यो.” तिनं ताटलीतलं बोट पदराला पुसलं. “एक गाडी गेली, आठ दिसांत धा गेल्या. मग भाव कोन वाढवून मागनार? शेवटी आमी दोन घरं ऱ्हायलो. मग आमी एकच.”

“शेवटचं घर तुमचं?”

“आमचंच. पानी पायरीला लागलं तवा मी जात्यावर हुते. पीठ तरी हुईल म्हनलं. कोंबडी जाऊन बसली कनगीवर, ती कनगीसकट गेली तरंगत. मालक गुडघाभर पान्यात हुबा ऱ्हाऊन दाराला कडी लावतोय. मी म्हनलं, बुडायच्या घराला कडी कशाला? तर म्हनला, पावना आला तर?”

सुकन्या तिच्या तोंडाकडे बघत राहिली. सरांनी कोंबडीसुद्धा सोडली नव्हती.

“हे बाबांना कुणी सांगितलं?” तिनं विचारलं.

“मीच की. धरण उतरलं की यायचा त्यो. तू जितं बसलीयास तितंच बसायचा. म्हनायचा, काकू, पुन्ना सांग. मी सांगायची. कोंबडीचं दोनदा सांगायला लावायचा.” म्हातारीनं ताटली जवळ ओढली. “चुकलं म्हनून एकदा बी म्हनला न्हाय. पुन्ना सांग, एवडंच.”

शिक्षकांच्या सभेला म्हणून सर उन्हाळ्यात एखाद-दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचे. परत आले की बुटांना चिखल असायचा. सभेत एवढा चिखल कुठून येतो, असं आई हसून म्हणायची.

सुकन्येनं डबा पिशवीतून काढला आणि त्या रिकाम्या चराकडे पाहिलं. “इथे खाचेत ठेवली तर चालेल का?”

“राख कुटं बी ठेव. पानी यीलच न्यायला. पन त्यो उंबऱ्याशी म्हनला आसंल, तर उंबरा आन.” बनाबाईनं गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. “पुण्याकडं पाऊस हाय म्हनत्यात. चार दिस हायत तुला.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून सुकन्या वडिलांना तपासत होती. जगातल्या ओसाड गावांचे कर्ते शोधणारा माणूस. दुसऱ्यांच्या एका चुकीच्या क्रियापदाला गुण कापणारा माणूस. त्यानं शेजारणीची कोंबडी, शेजारणीचं जातं, शेजारणीच्या नवऱ्याचं वाक्य उचलून आपल्या घरात आणलं आणि पाहुण्यांना चहाबरोबर दिलं. त्या अजिनाथनं निदान शाप स्वतःचे तयार केले होते.

मोडनिंब गेलं. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी वाद घालत होता. मोहोळच्या अलीकडे तिला एकदम साबणाची वडी आठवली. वाटीएवढा गोल खळगा. जुन्या दारांना बिजागरी नसायची. दाराचा खुंट उंबऱ्यातल्या खळग्यात फिरायचा. हे तिनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, चित्रासकट. वाचलं होतं आणि रोज त्यात साबण ठेवत होती.

घरी पोचल्यावर पिशवीही न ठेवता ती मागच्या अंगणात गेली. दगडाच्या दोन टोकांना चौकोनी खाचा होत्या, सिमेंटनं अर्ध्या बुजलेल्या. मधला खोलगट भाग धुण्यानं झिजलेला नव्हता, किंवा नुसत्या धुण्यानं नव्हता. तो पायांनी झिजलेला होता.

तिला आई आठवली. उंबऱ्याला हळद-कुंकू लावतात, संध्याकाळी उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, उंबऱ्यावर शिंकू नये म्हणतात. आणि आईनं तीस वर्षं आपल्या सासरच्या उंबऱ्यावर सोडा टाकून चादरी बडवल्या होत्या. सर आत खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होते. लपवायची वस्तू कुठे लपवावी हे त्यांना चांगलं कळत होतं: रोज वापरात. तेवढ्यासाठी मात्र दहापैकी दहा.

मग तिनं वही काढली. तक्त्यात पिंपळडोहची ओळ होती. कारण: धरण. तिसरा रकाना कोरा होता, पण तिथला कागद खोडरबरानं घासून इतका विरला होता, की खालच्या पानाची रेघ दिसत होती. काहीतरी लिहिलं होतं आणि पुसलं होतं. आणि एकदाच नव्हे. उंबरा नाही हे माहीत असलेला माणूस मरताना तीनदा म्हणाला होता, आधी उंबरा बघ. बोलून सांगता येईना म्हणून त्यानं शेवटी तेच केलं होतं जे त्याला येत होतं. विद्यार्थ्याला प्रश्न घालून दिला होता आणि स्वतः वर्गातून निघून गेला होता.

भ्याड, असं तिच्या मनात आलं. शब्द बरोबर होता. तिनं तो खोडला नाही. पण त्या शब्दाच्या मागोमाग दुसरा हिशोबही उभा राहिला. दाखल्यावर नोकरी, नोकरीवर हे घर, घरात कपाटभर पुस्तकं, पुस्तकांवर तिची शाळा, कॉलेज, ग्रंथालय. तिचं हे नाक मुरडणंसुद्धा त्या गाडीतूनच आलं होतं.

टेबलावर सरांचं लाल पेन होतं. ते तिनं घेतलं नाही. पर्समधल्या निळ्या पेनानं तिनं विरलेल्या कागदावर हलक्या हातानं लिहिलं, ‘तात्याबा. शहाजीच्या दाखल्यासाठी.’ मग पट्टी घेऊन सरांनी कधीच न आखलेला चौथा रकाना आखला. ‘शेवटी कोण निघालं?’ आणि त्यात लिहिलं, ‘बनाबाई आणि त्यांचे मालक.’

दुसऱ्या दिवशी शरणप्पा गवंडी पहार घेऊन आला. सरांनी दोनदा परत पाठवलेला तो हाच. सिमेंट फोडून दगड तिरका केला तेव्हा तो थांबला. दगडाची पुढची बाजू इतकी वर्षं मातीत गाडलेली होती. तिच्यावर दोन कमळं कोरलेली होती.

“मॅडम, हे धुण्याचं दगड नाही हो,” शरणप्पा म्हणाला. “दाराचं आहे. ह्याला मोरीत कोण घातलं?”

“घरातल्याच माणसानं.”

“तरीच. बाहेरचा माणूस घाबरला असता.”

तिसऱ्या दिवशी छोट्या टेम्पोतून दगड नव्या पिंपळडोहात आला. मोहोळच्या पुढे एका ढाब्यावर ड्रायव्हरनं विचारलं, कुठलं देऊळ बांधताय? सुकन्या म्हणाली, “देऊळ नाही. घर आहे. बुडणार आहे.” त्यानं चहा संपवला आणि टेम्पो चालू केला.

अजिनाथनं चौघांना बोलावलं होतं. दगड ट्रॉलीत चढवताना त्यानं एकदाच विचारलं, “ताई, खरंच आपला आजा पयला गेला व्हय?”

“खरंच.”

“आयला. आन आमी भावकीत तोंड वर करून सांगत हुतो, शेवटचं म्हनून.”

“मीही सांगत होते.”

पाणी चढायला लागलं होतं. दोन दिवसांपूर्वी शंभर पावलांवर होतं, ते आता मारुतीच्या मागच्या भिंतीला लागलं होतं. मोटारींचे पाइप लोक मागे ओढत होते. बनाबाई आपल्या जागी बसलेलीच होती. चौघांनी चरातला गाळ उकरला, खाचा साफ केल्या आणि उंबरा खाली सोडला. तो बसायला जरा अडला, मग एक बारीक आवाज करून नेमका बसला. दगड आपली जागा विसरलेला नव्हता. कमळं रस्त्याकडे तोंड करून आली.

सुकन्येनं डबा उघडला आणि उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, गाळ बाजूला सारून, रक्षा ठेवली. हातानं गाळ परत ओढला. काही म्हणायचं असतं का, ते तिला माहीत नव्हतं. “बघितला, बाबा,” एवढंच ती म्हणाली, तेही मनात.

बनाबाई ताटली घेऊन रस्ता ओलांडून आली. वाकली, उंबऱ्यावर तेल ओतलं, बोटं फिरवली आणि हात नाकाशी नेला.

“साबनाचा वास येतोय.”

“माझी आई धुणं धुवायची त्यावर. तीस वर्षं.”

“तिला ठावं हुतं?”

“नाही.”

“बरं झालं. हात उचलला नसता बिचारीचा.” तिनं हळदीची पाच बोटं ओढली, वर कुंकू लावलं, कमळांच्या मधोमध एकेक ठिपका दिला. ठिपके जागेवर पडले.

“काकू,” सुकन्या म्हणाली, “तुमचा राग गेला, असं मी समजू का?”

“राग कशाला जाईल? राग माजा हाय.” बनाबाईनं ताटली तिच्या हातात दिली आणि कमरेला हात लावून सरळ झाली. “तुजा आजा गुन्हेगार, तुजा बाप चोरटा. उंबऱ्यानं काय केलंय कुनाचं?”

या वाक्याचा सरांनीही गुण कापला नसता.

अजिनाथ ट्रॉलीला टेकून मोबाइल समोर धरून उभा होता. त्यानं सुकन्येकडे पाहिलं. “घेऊ का, ताई? एवढं सगळं केलं, लोकांना बघू तर द्या.”

“घे. फक्त एका रात्रीत म्हणू नकोस. सकाळ होती.”

“बरं. सकाळ तर सकाळ.” त्यानं घसा साफ केला आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आवाज लावला. “तर मित्रांनो, सकाळची वेळ होती. सगळं गाव दारात उभं होतं. आणि या तिसऱ्या घरासमोरून एक गाडी निघाली…”

“दोन बैलांची,” बनाबाई आपल्या उंबऱ्याकडे जाता जाता म्हणाली. “आन डावा बैल लंगडत हुता. नीट सांग.”